बोटीवर काय नेसावे?

भातसानगरच्या माणसाला पाण्याचे अप्रूप राहत नाही. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांत आमचा भातसा सर्वांत मोठा. त्याची साठवण ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे सातही जलाशयांच्या एकूण साठ्याच्या जवळजवळ निम्मी. माझे वडील पाटबंधारे खात्याच्या नोकरीनिमित्त सांगली जिल्ह्यातून या धरणाच्या कामावर आले आणि आमचे कुटुंब येथलेच झाले. मी बँकेत लागलो, बदल्यांच्या निमित्ताने कल्याण, नाशिक, मुंबई असा फिरलो आणि निवृत्तीनंतर पुन्हा येथेच येऊन स्थिरावलो. एवढे आयुष्य पाण्याच्या शेजारी गेले. पण भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचपेक्षा मोठ्या बोटीवर आम्हा उभयतांपैकी कोणीही कधी पाऊल ठेवले नव्हते.

२०२३ साली आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने चिरंजीवांनी आम्हाला न विचारताच मुंबई–गोवा–मुंबई अशा तीन रात्रींच्या सागरी सफरीची तिकिटे काढली. चातुर्मास संपल्यानंतरची, डिसेंबरमधील तारीख त्यांनी आठवणीने निवडली होती. जैन भोजनाची चौकशीही आधीच केली होती. त्यामुळे 'नको' म्हणायला सबब उरली नाही. मुलगा, सून, नात आणि आम्ही दोघे, असे पाच जण जाणार होतो.

दोन दिवसांनी सूनबाईंनी भ्रमणध्वनीवर एक यादी पाठविली. तीन संध्याकाळींचे तीन पोशाख! पहिल्या संध्याकाळी पांढरे व निळे, दुसऱ्या संध्याकाळी औपचारिक, तिसऱ्या संध्याकाळी भारतीय. खाली एक ओळ होती : "आई-बाबा, सक्ती काही नाही, पण फोटो छान येतील."

'सक्ती नाही' हे शब्द ऐकले की आमच्यासारखा जुना बँक अधिकारी सावध होतो. बँकेतही पुष्कळ गोष्टींची सक्ती नसे. पण न करणाऱ्याची नोंद होत असे. मी वही घेतली, आडवे-उभे रकाने आखले आणि तीन संध्याकाळी गुणिले दोन माणसे असा तक्ता मांडला. कपाटातून निवृत्तीच्या वेळी शिवलेला गडद निळा कोट काढला. तो पोटावर मिटेना. शहापूरच्या शिंप्याकडे नेला, तर त्याने आतली शिवण उलटून पाहिली आणि सांगितले, "साहेब, यात सोडायला कापड उरलेलं नाही. नवा शिवा." जावयांचे म्हणणे असे की, नवा कशाला शिवता, मुंबईत भाड्याने मिळतो. नातीने तर आजोबांच्या गळ्यात काळा बो बांधलेले चित्रही भ्रमणध्वनीवर तयार करून दाखविले. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, पण मनातून मला तो बो पटला होता, हे कबूल केले पाहिजे.

या सगळ्यात सौ. मात्र काही बोलत नव्हती. तक्त्यातील तिचे तीन रकाने रिकामेच होते. मी विचारले, तर म्हणाली, "माझं बघू हो नंतर." दोन दिवसांनी पुन्हा विचारले, तेव्हाही हेच उत्तर. शेवटी मीच तोडगा सुचविला. आमच्या लग्नात माझ्या आईने तिला दिलेली जांभळी पैठणी ट्रंकेत आहे. औपचारिक संध्याकाळ म्हणजे पैठणीच! तिच्यासमोर कोणाचा कोट काय टिकणार?

ती माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "मी रेशीम सोडलंय, विसरलात?"

मी विसरलो नव्हतो. बारा वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वातील एका प्रवचनात रेशमाच्या धाग्याची हकीकत निघाली होती. कोशातून पतंग बाहेर पडला तर धागा तुटतो. म्हणून तो बाहेर पडण्याआधीच कोश उकळत्या पाण्यात टाकतात किंवा वाफवतात, आणि एका साडीमागे असे हजारो कोश लागतात. त्या दिवसापासून तिने रेशीम अंगाला लावलेले नाही. मला हे पुरते ठाऊक होते. तरीही मी म्हणालो, "अगं, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. आणि ती पैठणी काही तू आता विकत घेणार नाहीस. चाळीस वर्षांपूर्वीची आहे."

युक्तिवाद हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक होता. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ते वाक्य बोलताना माझ्या आवाजात जो सूर होता, तो मी ओळखला. तो सूर मी याआधी एकदा ऐकला होता, स्वतःच्याच तोंडून.

ती गोष्ट १९८९ सालची. मी नुकताच अधिकारी झालो होतो. नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड कल्याणला, भाड्याच्या दोन खोल्यांत. बँकेने दक्षिण मुंबईतील एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळचा समारंभ ठेवला होता; अधिकाऱ्यांनी सपत्नीक यावे असे निमंत्रण होते. मी उसनवारीचा टाय बांधून तयार झालो. ती आतून आली. अंगावर हिरवे सुती इरकल होते, तिच्या आईचे. केसांत मोगऱ्याचा गजरा. आपण छान दिसतो आहोत, असे तिला वाटत होते आणि ते खरेही होते. मी तिला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणालो, "हे नेसून येणार आहेस?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "डोकं जड झालंय हो सकाळपासून. तुम्ही जाऊन या."

डोके जड झालेले नव्हते, हे मला कळत होते. मी आग्रह केला नाही. एकटाच गेलो आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "तिची तब्येत बरी नाही" असे सांगितले. मध्यरात्री लोकलने परतलो, तेव्हा ती झोपली होती आणि ओट्यावर एका वाटीत पाण्यात तो गजरा ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेही त्याविषयी बोललो नाही. नंतर चौतीस वर्षे बोललो नाही. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी देवळात आणि घरात सर्वांची हात जोडून क्षमा मागतो, तिचीही मागतो. 'वर्षभरात कळत-नकळत काही चुकले असेल तर' असे ते वाक्य असते. या वाक्यात एक सोय आहे. त्यात सगळे येते आणि नाव घेऊन असे काहीच येत नाही.

झोप नसल्यावर माणूस वाचतो. पुढचे काही दिवस मी, बोटीवर काय घालावे या प्रश्नाने माझ्याआधी कोणाला छळले होते का, हे शोधत राहिलो. उत्तरे मिळाली, आणि ती वाचकांना सांगण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर मोहनदास गांधींचे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून विलायतेला निघाले. वय अवघे अठरा. निघण्यापूर्वी मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी घेतली, ती बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर; हे आपल्या वाचकांना माहीत असेलच. प्रतिज्ञेच्या बाबतीत हा मुलगा निश्चल होता. कपड्यांच्या बाबतीत मात्र डळमळीत. काटे-चमचे धरता येत नाहीत आणि कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारायचे धाडस होत नाही, म्हणून ते बहुधा खोलीतच राहून घरून आणलेली मिठाई व फळे खात. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि किनाऱ्यावर उतरताना अधिक शोभून दिसेल म्हणून पांढरा फ्लॅनेलचा पोशाख खास राखून ठेवला. सप्टेंबरच्या अखेरीस तो घालून ते उतरले आणि पाहतात तो काय, संपूर्ण धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच! सामान आणि किल्ल्या एजंटाकडे गेलेल्या, दुसऱ्या दिवशी रविवार. त्यामुळे कपडे बदलण्याचीही सोय नव्हती. आत्मकथेत त्यांनी ही फजिती मोकळेपणाने सांगितली आहे. पुढे १९३१ साली हेच गांधी गोलमेज परिषदेच्या वेळी पंचा आणि शाल अशा वेषात बकिंगहॅम राजवाड्यात बादशहा पंचम जॉर्ज यांना भेटले. या दोन पोशाखांमध्ये त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

दुसरे उत्तर आमच्या ठाणे जिल्ह्यातले. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर सभेत त्यांनी आपला पोशाख व आचार न बदलण्याचा निश्चय सांगितला होता. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातील १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई साडीत बसल्या आहेत. शेजारी एक जपानी विद्यार्थिनी तिच्या किमोनोत आणि एक सीरियन विद्यार्थिनी तिच्या देशी वेषात. त्या काळात कल्याणची ही वीस वर्षांची मुलगी साडी नेसून परक्या देशात कॅमेऱ्यासमोर स्थिर बसते. आणि शंभर वर्षांनंतर त्याच कल्याणातील एक बँक अधिकारी स्वतःच्या बायकोला इरकल नेसली म्हणून घरी ठेवतो. हे छायाचित्र पाहताना मला माझीच लाज वाटली.

तिसरे उत्तर वीरचंद राघवजी गांधी यांचे. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण श्वेतांबर आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराज यांना आले होते. साधूंना वाहनप्रवास वर्ज्य. म्हणून महुव्याचे हे श्रावक प्रतिनिधी म्हणून बोटीने गेले. समुद्रपर्यटनाबद्दल समाजातील काही मंडळींचा रोषही त्यांनी सोसला. शिकागोतील त्यांची छायाचित्रे काठियावाडी पगडीतली आहेत. ज्या धर्माविषयी बोलायचे तो धर्म ज्या घरात शिकलो, त्या घरचाच पोशाख त्यांनी अंगावर ठेवला.

आणि खुद्द बोटीचे म्हणाल, तर रात्रीच्या जेवणासाठी वेष बदलण्याची रीत इंग्रजी बोटींची. कुनार्डसारख्या जुन्या कंपनीच्या बोटींवर सायंकाळी सहानंतर नीटनेटक्या वेषाची अपेक्षा आणि खास रात्री काळ्या डिनर जॅकेटची रीत अजूनही आहे. त्याच समुद्रावर आमच्याकडे कोकणची बोटही चालत असे. तिच्या डेकवर चाकरमानी सतरंजी पसरून, उशाला गाठोडे घेऊन झोपत. संध्याकाळचे म्हणून वेगळे कपडे तेथे कोणी बदलल्याचे मी तरी ऐकलेले नाही. म्हणजे कपड्यांची सक्ती समुद्राची नव्हे, बोटीवरच्या समाजाची.

आता आपल्या घरच्या ग्रंथाकडे येतो. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त भोगोपभोगपरिमाण व्रताचे विवेचन आहे. एकदा भोगले की संपते तो भोग, उदाहरणार्थ भोजन. पुन्हा पुन्हा भोगता येतो तो उपभोग, उदाहरणार्थ वस्त्र. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही विभागणी फार ओळखीची वाटते. भोग हा महसुली खर्च, उपभोग हा भांडवली. कोट ही भांडवली वस्तू खरी. पण वापर दहा वर्षांतून एकदा आणि घसारा मात्र दरवर्षी! ज्या वस्तूंचे परिमाण करावे, म्हणजे मर्यादा आखावी, त्यांत भोजन, वाहन, शय्या, स्नान यांच्याबरोबर वस्त्र आणि आभूषण यांचीही नावे आहेत. मर्यादा काही काळापुरती असेल तर तो नियम आणि आयुष्यभराची असेल तर तो यम, असाही भेद तेथे केला आहे.

हा भेद वाचला आणि मला सौ.चे मौन समजले. तिचे रेशीम सोडणे हा यम होता. मी त्याला 'एका संध्याकाळचा प्रश्न' म्हणालो होतो. ज्या परंपरेचे मुनी दिशांनाच वस्त्र मानतात, त्या परंपरेत जन्मलेला मी, तीनशे अनोळखी माणसांनी आपल्याला बरे म्हणावे म्हणून बायकोला आयुष्यभराचा नियम मोडायला सांगत होतो. १९८९ साली मी तिच्या साडीला कमी लेखले होते. या वेळी तिच्या व्रताला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात पापड वाळत घालत होती. मी जवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "कल्याणला असताना बँकेचा तो समारंभ होता. तू हिरवं इरकल नेसली होतीस. मी तुला नेलं नाही. तुझं डोकं दुखत नव्हतं, हे मला माहीत होतं. मी चुकलो. आणि परवा पैठणीचं बोललो, तेही चुकलो."

तिने हातातला पापड नीट पसरला. थोड्या वेळाने म्हणाली, "गजरा दुसऱ्या दिवशीही ताजा होता. तो घालून मी गिरणीत दळण टाकायला गेले. गिरणीवाल्या मावशी म्हणाल्या, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, फुलं वाया जायला नकोत." आणि मग, "तुम्हाला आठवतंय, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मलाच आठवतंय."

या शेवटच्या वाक्याला मी काय उत्तर देणार? आम्ही दोघांनी उरलेले पापड वाळत घातले.

त्या संध्याकाळी तक्ता पुन्हा मांडला. या वेळी दोघांनी मिळून. सफरीपुरता नियम ठरला : संध्याकाळसाठी प्रत्येकी दोनच जोड, नवीन काही शिवायचे नाही, भाड्याने आणायचे नाही, आणि अंगावर रेशीम व कातडे नाही. पांढऱ्या संध्याकाळसाठी पूजेचे धोतर-दुपट्टा न्यावा का, असे मी विचारले. तिने मान हलविली, "ते देवाचे. फोटोचे नाहीत." मग मी पांढरा खादीचा सदरा, राखाडी विजार आणि बिनबाह्यांचे गडद सुती जाकीट निवडले, पायात कापडी बूट. तिने ट्रंकेच्या तळातून ते हिरवे इरकल काढले. चौतीस वर्षांत ती ते क्वचितच नेसली होती. दोन दिवस त्याला ऊन दिले आणि काठ उसवला होता तो हाताने शिवून घेतला. सूनबाईंना दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आई, मग मलाही आजीचं एखादं द्या ना." अशा रीतीने ट्रंकेतून आणखी एक लाल इरकल बाहेर आले.

बोट बॅलार्ड पिअरहून दुपारी सुटली. पहिल्या संध्याकाळी आमच्या सर्व चर्चेची समुद्राने थट्टा केली. धक्क्यावर ताब्यात घेतलेल्या बॅगा खोलीपर्यंत यायला रात्र झाली आणि पांढरी-निळी संध्याकाळ आम्ही आसनगाव स्थानकावर चढलो त्याच कपड्यांत काढली. पुढे कळले की, हा अनुभव जगभरचा आहे. सामान उशिरा पोहोचते म्हणून पहिली संध्याकाळ साधीच ठेवण्याची बोटींवर जुनी प्रथा आहे, आणि शेवटच्या रात्री बॅगा आधीच बाहेर ठेवाव्या लागतात म्हणून तीही साधीच असते. आमच्यासारखे शेकडो जण प्रवासी कपड्यांत फिरत होते आणि कोणीही कोणाकडे पाहत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. औपचारिक पोशाखाचा सगळा थाट रात्रीच्या जेवणासाठी. आणि आमचे रात्रीचे जेवण नसतेच! डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चिरंजीवांनी स्वयंपाकघरात आधी सांगून ठेवले होते, त्यामुळे सवापाचला आम्हाला मुगाचे वरण, भात, दुधीची भाजी आणि फुलके मिळाले. सव्वासहाला लोक आरशापुढे उभे होते, तेव्हा आम्ही जेवून, पाणी बंद करून वरच्या डेकवर बसलो होतो. समोर सूर्य पाण्यात उतरत होता. सौ. म्हणाली, "जेवायचं नाही, तर नटायचं कोणासाठी?" मी म्हणालो, "चाळीस वर्षं झाली म्हणून." ती खाली गेली आणि इरकल नेसून आली. नातीने तिच्या केसांत गजरा माळला. तो सूनबाईंनी निघतानाच आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. याची मला कल्पना नव्हती. तिला ही गोष्ट सासूने सांगितली होती की नाही, हे मी आजवर विचारलेले नाही.

आम्ही मोठ्या दालनात गेलो. मला वाटले होते, दाराशीच नजरा वळतील. वळल्या नाहीत. काळे सूट होते, झगझगीत शेरवान्या होत्या, लांब पायघोळ गाऊन होते, आणि त्यांच्या शेजारीच अर्ध्या चड्डीतले एक काकाही होते. ज्यांच्यासाठी मी तीन आठवडे तक्ता मांडला, ती माणसे स्वतःच्याच कॉलरशी झगडत होती. चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या हॉटेलातही बहुधा असेच असावे.

एका जणाने मात्र पाहिले. टेबलांवर पाणी देणारा एक तरुण आमच्यापाशी थांबला आणि बेळगावकडच्या हेलात म्हणाला, "आक्का, इरकल न्हवं हे? आमची आजी नेसायची असंच. काठ बघून वळखलं." सांगली-कोल्हापूरकडे 'आक्का' म्हणतात, ठाणे जिल्ह्यात सौ.ला ही हाक क्वचितच ऐकायला मिळते. तिने त्याला जवळचा पदर उचलून दाखविला. घरी कोण कोण असते, आजी आहे का, किती महिन्यांनी घरी जातोस, अशी सगळी चौकशी झाली. आजी गेल्याला दोन वर्षे झाली होती. तेव्हा तो बोटीवर होता, जाता आले नव्हते. त्याला दुसऱ्या टेबलावरून हाक आली तसा तो गेला. त्या रात्री दालनात संगीत, नाच, दिवे पुष्कळ होते. सौ.ला त्यातले काय आठवते विचारले, तर ती त्या मुलाचे सांगते.

तिसऱ्या संध्याकाळी गोव्याहून परतताना वारा जोराचा होता. आम्ही आदल्या दिवशीचेच कपडे पुन्हा घातले. नियम दोन जोडांचा होता. प्रत्यक्षात एकाच जोडात भागले. सूनबाई लाल इरकलात, सौ. हिरव्यात, आणि मध्ये नात, असे एक छायाचित्र चिरंजीवांनी काढले. त्यात मी नाही. मी त्यांच्या चपला सांभाळत बाजूला उभा होतो.

अशा सफरीला निघणाऱ्या वाचकांसाठी अनुभवाचे चार बोल लिहून ठेवतो. भोजनकक्षात अर्धी चड्डी, पोहण्याचे कपडे आणि रबरी स्लिपर टाळावेत. याहून अधिक अपेक्षा आपल्याकडच्या सफरींत कोणी सहसा करत नाही. आगीच्या भीतीने बोटीवर स्वतःची इस्त्री नेऊ देत नाहीत. म्हणून चुरगळणार नाहीत असेच कपडे न्यावेत. दालनांतील वातानुकूलन थंड असते, शाल हवीच. डेकवर वारा असतो; पदराला दोन पिना अधिक लावाव्यात आणि न घसरणारे पादत्राण घालावे. एक जोड व औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, म्हणजे बॅगा उशिरा आल्या तरी अडत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी ती वेळ तिकीट काढतानाच सांगावी आणि बोटीवर चढताच पुन्हा एकदा आठवण द्यावी.

आणि घरातून निघण्यापूर्वी, तक्त्यातील रकाना कोणी रिकामा ठेवला असेल, तर तो स्वतः भरून टाकण्याची घाई करू नये. जवळ बसून विचारावे.

तो निळा कोट मी शहापूरच्या शिंप्यालाच देऊन टाकला. त्याच्या मुलाला तो मापात बसला. पैठणीचे काय करावे, हे अजून ठरलेले नाही. नात म्हणते, तिची ती घेईल, सौ. म्हणते, मोठी झाल्यावर तिचे तिने ठरवावे. इरकल आता ट्रंकेत नाही, कपाटात वरच्या घडीला आहे. गेल्या महिन्यात बँकेच्या निवृत्तांचा मेळावा ठाण्याला झाला. निमंत्रण सपत्नीक होते. सौ.ने विचारले, "काय नेसू?"

मी म्हणालो, "तुला आवडेल ते."

"मग हिरवंच," ती म्हणाली, आणि आम्ही आसनगावहून सव्वातीनची लोकल पकडली.